कृपा म्हणजे नुसतं "फुकट" नाही: हा विषय अभ्यासगटात कसा घ्यायचा

अभ्यासगटात कृपा हा विषय घेऊया म्हटलं की सगळ्यांना वाटतं हे तर सोप्पंय, देव देतो, आपण घेतो, फुकट आहे, आमेन, चहा ठेवा. वीस मिनिटांत विषय आटोपतो आणि उरलेला वेळ प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये जातो. पण पहिल्या पाचशे वर्षांतल्या ख्रिस्ती लोकांनी या एका गोष्टीवर किती डोकं फोडलंय, किती पत्रं लिहिलीत, किती सभा भरवल्यात आणि एकमेकांना पाखंडी ठरवलंय ते बघितलं ना, की कळतं "फुकट" म्हणून काही भागत नाही. मी शरणपूर रोड, कॉलेज रोड, नाशिकरोड अशा ठिकाणच्या घरगुती गटांत हा विषय घेत असते, त्यात कॅथलिक असतात, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) असतात, हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळ्यांचे असतात, कधी कोणाची हिंदू मैत्रीण नुसती ऐकायला येऊन बसते. तर ज्यांना आपापल्या गटात हे घ्यायचंय त्यांच्यासाठी, मी मांडणी कशी करते आणि गाडी कुठे अडकते ते सगळं इथे सांगते.

चार बैठका ठेवा, प्रत्येकी दीड तास. कमी ठेवल्या तर पौलाच्या, म्हणजे बायबलमधली बरीचशी पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताच्या, पुढे जाताच येत नाही, जास्त ठेवल्या तर लग्नसराई, पोरांच्या परीक्षा आणि द्राक्षांचा सिझन यातलं काहीतरी मध्ये येतं आणि माणसं गळतात. व्हॉट्सॲपवर वचनं आदल्या दिवशी टाका, आठवडाभर आधी टाकली तर कोणी वाचत नाही. गटात दोन वेगळ्या भाषांतरांची बायबलं असू द्या, एक जुन्या वळणाचं, एक सोपं. आणि भाषण करू नका, वाचन दुसऱ्यांकडून करून घ्या, तुम्ही फक्त प्रश्न विचारा.

पहिल्या बैठकीत बायबल उघडायचंच नाही. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू द्या. त्याऐवजी कोणाच्या तरी घरची जुनी आहेराची वही मागवा. सगळ्यांच्या कपाटात असतेच, साधी शंभर पानी, कोपरे दुमडलेले, पहिल्या पानावर वर मधोमध क्रूस काढलेला आणि खाली लग्नाची तारीख, मग रेघा मारून नाव, गाव, रोख, वस्तू. लॉन्सच्या गेटजवळ टेबल टाकून कोणीतरी काका हे लिहीत बसलेले असतात, चष्मा नाकावर, पाकिटं फोडून नोटा मोजून, चांदोरी ५०१, पिंपळगाव स्टीलचा डबा, भगूर साडी आणि ब्लाऊजपीस. आणि खरी गंमत पुढे आहे, वहीच्या कडेला नंतर कधीतरी वेगळ्या शाईच्या पेनाने टिक केलेल्या असतात. टिक म्हणजे काय तर त्यांच्याकडच्या लग्नात आपण परत केला. ज्या नावापुढे टिक नाही ते अजून बाकी. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापलेलं असलं तरी वही असतेच बरं का.

ही वही सगळ्यांच्या हातातून फिरवा आणि एकच प्रश्न विचारा, हे गिफ्ट आहे का उसनं? लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हे शुद्ध उसनं, ५०१ आले की आपण ५५१ करायचे, कमी केले तर बोलणी बसतात. दुसरी म्हणते नाही हो, ही माणसं अडीनडीला उभी राहिलेली असतात, पैशाचं निमित्त असतं, नातं धरून ठेवायला देतात. दोन्ही खरंय. हे भांडण दहा मिनिटं मनसोक्त होऊ द्या, कारण पुढच्या तीन बैठकांचं भांडवल हेच आहे.

आता रोमन जगात या. तिथे अगदी हेच होतं, फक्त मोठ्या आकड्यात. श्रीमंत माणूस शहराला स्नानगृह बांधून देणार, शहर त्याच्या नावाचा शिलालेख लावणार, पुतळा उभारणार, नाट्यगृहात पुढची जागा देणार. गरीब माणसं सकाळी सकाळी आपल्या आश्रयदात्याच्या दारात हजेरी लावणार, तो काहीबाही देणार, हे त्याच्या बाजूने मत देणार, मागेपुढे फिरणार. सेनेका नावाचा तत्त्वज्ञ, नीरो बादशहाचा शिक्षक, त्याने देणं-घेणं या विषयावर सात भाग लिहिलेत, इसवी सनाच्या ५० ते ६५ च्या दरम्यान कधीतरी. त्यात तो तीन बहिणींचं जुनं चित्र सांगतो, हातात हात धरून गोल फेर धरलेल्या, एक देणारी, एक घेणारी, एक परत करणारी, आणि फेर तुटला की सगळी शोभा गेली. त्याचा एक नियम तर आहेराच्या वहीवर छापावा असा आहे: देणाऱ्याने दिल्याबरोबर विसरून जावं, घेणाऱ्याने कधीच विसरू नये. आणि तो पुन्हा पुन्हा बजावतो की कोणाला देताय ते पारखून द्या, नालायकाच्या हातात दिलेलं वाया जातं.

हा सेनेका का घ्यायचा, तर तो पौलाच्याच काळातला. नुसत्या काळातला नाही, प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये करिंथला ज्या रोमन सुभेदार गल्लियोसमोर पौलाला उभं केलं आणि ज्याने केस ऐकूनही न घेता सगळ्यांना हाकलून दिलं, तो गल्लियो सेनेकाचा सख्खा भाऊ. साधारण ५१-५२ सालची गोष्ट. म्हणजे पौल देवाच्या देणगीबद्दल लिहीत होता तेव्हा त्याच्या आजूबाजूच्या पुढारलेल्या लोकांना देणगी म्हणजे काय वाटायचं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आणि त्या जगात, हे नीट लक्षात घ्या, खरी देणगी म्हणजे जिच्या बदल्यात काहीच यायला नको असं कोणालाही वाटत नव्हतं. ते आपल्या आजच्या डोक्यातलं आहे. त्यांच्या दृष्टीने परत काही न येणारी देणगी म्हणजे फसलेली देणगी.

इथे पहिली बैठक संपवताना पाटीवर तीन प्रश्न लिहा आणि ते चारही बैठकांत पुसू नका. दिलं कोणाला, लायक माणसाला की नालायकाला? दिलं कधी, त्याने काही करायच्या आधी की नंतर? आणि दिल्यावर पुढे काय व्हावं अशी अपेक्षा आहे? इंग्लंडमधले पौलाचे अभ्यासक जॉन बार्कली यांनी असे सहा पदर वेगवेगळे करून दाखवलेत, देणगी किती भरभरून आहे, देणारा फक्त देणाराच आहे का, ती माणसात काही घडवते का वगैरे, पण घरगुती गटात सहा काढले की लोक हळूच मोबाईल काढतात. तीन पुरे. मुद्दा एवढाच की "कृपा देणगी आहे" हे म्हणणारी दोन माणसं या तीन प्रश्नांना पूर्ण वेगळी उत्तरं देत असू शकतात, आणि इतिहासात तेच झालंय.

दुसरी बैठक पौलाची, पण नाशिकमध्ये असाल तर मत्तय २० पासून सुरू करा, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. तो इथे जसा कळतो तसा दुसरीकडे कुठे कळत असेल असं मला वाटत नाही. दिंडोरी-निफाडकडचा कोणी बागायतदार गटात असतोच, पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर, छाटणीच्या दिवसांतली ओढाताण, मुकादम, पिकअपमधून पहाटे येणाऱ्या बाया, हे सगळं त्याच्या रोजच्या जगण्यातलं. दाखल्यात मालक पहाटे मजूर लावतो एक दिनार ठरवून, म्हणजे एका दिवसाची नेहमीची मजुरी. मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला, दिवस मावळायला तास राहिलेला असताना. संध्याकाळी पाचवाल्यांना आधी बोलावून दिनार देतो आणि पहाटेवाल्यांनाही दिनारच. मी हे वाचून घेतल्यावर काहीच बोलत नाही. बागायतदार पेटतोच, "असं केलं तर उद्या सकाळी सहाला कोण येईल कामाला? सगळे पाचलाच येतील की." अगदी बरोबर बोलतोय तो, आणि पहाटेपासून राबलेले मजूरही तेच बोललेत. त्याला समजवायला जाऊ नका. मालकाचं उत्तर पुन्हा वाचा: मी तुझ्यावर अन्याय केला नाही, ठरलेलं तुला दिलं, माझं मी कोणाला द्यावं ही माझी मर्जी, मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात का दुखतं? आणि हे पण दाखवून द्या की मालकाने मुद्दाम शेवटच्यांना आधी दिलं, नाहीतर पहाटेवाले आपापला दिनार घेऊन गुपचूप घरी गेले असते आणि काही तमाशाच झाला नसता.

आता रोमकरांस ४:४-५. काम करणाऱ्याची मजुरी ही देणगी म्हणून धरत नाहीत, ते त्याचं येणं असतं. पण जो काम न करता अधार्मिकाला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून धरला जातो, असं पौल अब्राहामाचं उदाहरण देताना म्हणतो. लगेच पुढे रोमकरांस ५:६-१० घ्या आणि त्यातले शब्द एकेक करून पाटीवर लिहून घ्या, आपण दुर्बळ होतो तेव्हा, अधार्मिक होतो तेव्हा, पापी होतो तेव्हा, शत्रू होतो तेव्हा. मधेच पौल म्हणतो की नीतिमान माणसासाठी क्वचितच कोणी मरेल, चांगल्या माणसासाठी एखादा धजेलही. म्हणजे सेनेकाचा नियम त्याला माहीतच आहे आणि तो नेमका उलट्या बाजूने जातोय. पहिल्या प्रश्नाचं पौलाचं उत्तर: चुकीच्या माणसाला. लायकी बघून नाही, उलट लायकी नाही हे माहीत असताना. त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसाला यात उदारपणा दिसला नसता, बेजबाबदारपणा दिसला असता. न्यायाधीशाने सरसकट सोडून दिलं तर न्याय कुठे राहिला?

सेनेकाची बाजू पण प्रामाणिकपणे सांगा हां. तो एके ठिकाणी म्हणतो देवांसारखं वागायचं तर कृतघ्नांनाही द्या, कारण सूर्य दुष्टांवरही उगवतो आणि समुद्र चाच्यांनाही मोकळा असतो. मत्तय ५:४५ शेजारी ठेवून वाचलं, तिथे येशूही म्हणतो की देव आपला सूर्य दुष्टांवरही उगवतो, तर लोक चमकतात. म्हणजे ख्रिस्ती लोकांनीच हे पहिल्यांदा शोधलं वगैरे फुशारकी मारू नका. पौलाकडे वेगळं काय तर ही गोष्ट पाऊस-सूर्यासारखी सगळ्यांवर आपोआप पडत नाही, ती एका ठराविक माणसात, ख्रिस्तात, एका ठराविक वेळी दिली गेली असं त्याचं म्हणणं, आणि तीच त्याच्या मते सगळ्या माणसांची नवी मोजपट्टी. ज्यू-ग्रीक, दास-स्वतंत्र, कोणाचीच आधीची पत धरायची नाही.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेक गट घसरतात. कारण "लायकी नसताना दिलं" वरून लोक थेट "म्हणजे काहीच करायचं नाही" वर उडी मारतात. पौलाच्या ऐकणाऱ्यांनीही मारली होती, म्हणून तर रोमकरांस ६ ची सुरुवातच अशी आहे, मग काय, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? हा प्रश्न गटात कोणी विचारला तर त्याला शाबासकी द्या, तो बरोबर ट्रॅकवर आहे. पौलाचं उत्तर धन्याच्या भाषेत आहे, तुमचा धनी बदललाय. इथे रोमन कायद्यातली एक गोष्ट सांगितली की सगळं उजेडात येतं. तिथे गुलामाला मुक्त केलं तरी तो पूर्ण मोकळा होत नसे, जुन्या धन्याचा मान राखणं आणि बऱ्याचदा ठरलेले दिवस त्याचं काम करणं त्याच्याकडे लागू असे. पौल १ करिंथकरांस ७:२२ मध्ये म्हणतो, प्रभूने बोलावलेला दास हा प्रभूचा मोकळा केलेला माणूस आहे. म्हणजे मोकळाही आणि बांधलेलाही. आणि १ करिंथकरांस १५:१० पण घ्याच, मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, पण मी नाही, माझ्यासोबतच्या देवाच्या कृपेने. तिथे देणगी दिली आणि काम संपलं असं नाहीये, देणगी माणसाकडून काम करून घेतेय.

मी इथे शरणपूरची गोष्ट काढते. आपण शरणपूर रोडवरून रोज जातो येतो, पण एकोणिसाव्या शतकात सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनच्या त्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहायची, शिकायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायची, हे निम्म्या गटाला माहीत नसतं. त्यातलाच जेकब वेनराइट, १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक-प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, आणि १८७४ च्या लंडनमधल्या दफनविधीला हजर होता. गटाला विचारा, सुटका ही देणगी, मग मिशनने घातलेली शिस्त, नवं नाव, नवा धर्म, हे देणगीचा भाग का देणगीची किंमत? मला स्वतःला याचं सरळ उत्तर देता येत नाही आणि गटानेही घाईने देऊ नये. पण माणसाने दिलेल्या देणगीत उपकाराचं ओझं किती पटकन शिरतं ते इथे दिसतं, आणि पौल ज्या "मोकळा पण प्रभूचा" बद्दल बोलतोय त्यातली अवघड जागा कुठली ते घरच्या अंगणात कळतं.

तिसऱ्या बैठकीला पैशाचा विषय आहे, सांगून ठेवते, कारण काही जण त्या दिवशी बरोबर आजारी पडतात. २ करिंथकरांस ८ आणि ९ पूर्ण वाचा, तुकडे नको. आपल्याकडे ९:७ चं "संतोषाने देणारा" एवढंच दानाच्या वेळी म्हटलं जातं आणि थैली फिरते. आजूबाजूची गोष्ट अशी की यरुशलेममधल्या गरिबांसाठी पौल वर्गणी गोळा करतोय. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः फाटक्या, तरी त्यांनी आम्हालाही देऊ द्या म्हणून गळ घातली. करिंथकर पैसेवाले, त्यांनी वर्षभरापूर्वी हो म्हटलं आणि गप्प बसले. पौल म्हणतो मी हुकूम करत नाही, आणि मग पुढच्याच वाक्यांत इतक्या गोडीने चिमटे काढतो की हुकूम परवडला. ही बाब गटाला फार आवडते.

मुख्य गोष्ट बघा. पौल त्या वर्गणीलाच कृपा म्हणतो, ख्रिस्त श्रीमंत असून तुमच्यासाठी गरीब झाला (८:९) तीही कृपा, आणि शेवटी देवाचे आभार मानतो तिथेही मूळ ग्रीकमध्ये तोच शब्द येतो. पाटीवर बाण काढा. देवाकडून करिंथला, करिंथकडून यरुशलेमला, यरुशलेमकडून आभार देवाला. फेर आहे, पण सेनेकाच्या तीन बहिणींपेक्षा मोठा, कारण परतफेड देणाऱ्याला होत नाही, तिसऱ्यालाच होते. ८:१४ मध्ये तर स्पष्ट आहे की आज तुमची विपुलता त्यांची गरज भागवेल, उद्या त्यांची तुमची. मग लूक १४:१२-१४ घ्या, जेवणाला शेजारी, नातेवाईक, श्रीमंत यांना बोलावू नका, ते परत बोलावतील आणि तुमची फिटंफाट होईल, ज्यांना फेडता येत नाही त्यांना बोलावा. इथे वही पुन्हा मधे ठेवा आणि विचारा, यात असं एक तरी नाव आहे का ज्याला आपण टिकची अपेक्षा न ठेवता दिलं? सहसा शांतता पसरते, मग कोणीतरी म्हणतं की अशांची नावं वहीत लिहीतच नाहीत.

याच बैठकीत दिदाखे नावाचं छोटं पुस्तक सांगा, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेलं, मंडळीने कसं वागावं याचं मार्गदर्शन. त्याच्या पहिल्याच प्रकरणात आहे की मागेल त्याला दे, परत मागू नकोस, कारण बापाची इच्छा आहे की त्याच्या देणग्यांतून सगळ्यांना मिळावं. आणि लगेच खाली: कोणाला देतोस हे कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. दोन ओळींच्या अंतरावर दोन उलट सल्ले! सिग्नलवर पैसे द्यावेत का नाही यावर आपण जे भांडतो ते तेव्हाही होतं. मला हा भाग फार प्रिय आहे, कारण त्यात पावित्र्याचा आव नाही, लोक खरंच गोंधळलेले दिसतात.

नवसाचा प्रश्न इथे हमखास येतो. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत कुठून कुठून माणसं येतात, सगळ्या धर्मांची, आणि बरीच नवस बोलायला किंवा फेडायला. गटातला कोणीतरी नव्या मंडळीचा भाऊ म्हणणार हा तर सौदा आहे, मग कॅथलिक मावशी तापणार. तुम्ही शांतपणे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवा, कधी? आधी की नंतर? "तू हे दिलंस तर मी ते देईन" यात माणूस अटीने सुरू करतो, पौलाच्या हिशेबात देव आधीच देऊन बसलाय आणि आपलं सगळं करणं त्याच्यानंतरचं. पण मावशी जर म्हणाली की पोरगं वाचलं म्हणून मी आभार मानायला जाते, तर ते पौलाच्याच बाजूचं आहे, तिला सौदेबाज ठरवू नका. हिंदू मैत्रीण म्हणेल की संतांच्या अभंगांतही देव आधी धाव घेतो, तर तेही खरंय, मान्य करा आणि पुढे चला. रेव्हरंड टिळकांनी म्हटलंच होतं की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले.

दुसऱ्या ते चौथ्या शतकावर फार वेळ घालवू नका, पण एक धागा सोडूही नका. डायोग्नेटसला लिहिलेलं दुसऱ्या शतकातलं एक पत्र आहे, त्यात "ही किती गोड अदलाबदल" असा उद्गार आहे, एकाच्या नीतिमत्त्वाने अनेकांचा अधर्म झाकला जावा, हा उतारा मोठ्याने वाचून घ्या. बाकी जस्टिन, आयरेनियस, ओरिगेन ही दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली ख्रिस्ती लेखक मंडळी कृपा मानतातच, पण त्यांचा रोजचा झगडा नशीब आणि ग्रहताऱ्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांशी, आणि काही आत्मे जन्मतःच तरणारे आणि काही बुडणारे असं सांगणाऱ्यांशी होता, म्हणून ते माणसाला निवड आहे यावर जोर देतात. पुढे चौथ्या शतकातला प्रवचनकार क्रिसोस्तोम, त्याचंही तेच. हे सांगितलं नाही तर चौथ्या बैठकीत लोकांना वाटतं की इच्छास्वातंत्र्य ही एका वाईट माणसाने काढलेली टूम होती.

चौथी बैठक ऑगस्टीन आणि पेलेजियस. पोरांना मॅच असल्यासारखी आवडते, फक्त एक बाजू व्हिलन करू नका. ऑगस्टीन जन्मला ३५४ मध्ये, आजच्या अल्जीरियात, ३८६ ला मिलानमध्ये ख्रिस्ताकडे वळला, ३८७ ला बाप्तिस्मा, पुढे हिप्पोचा बिशप. पेलेजियस ब्रिटनकडचा, रोममध्ये राहून लोकांना नीट जगायला शिकवणारा, स्वतः कडक चालीचा. त्याला राग कशाचा, तर नावापुरते ख्रिस्ती झालेले लोक "आम्ही दुर्बळ, काय करणार" म्हणून मजेत जगत होते त्याचा. आपल्यालाही येतोच की. त्यात त्याच्या कानावर ऑगस्टीनची एक प्रार्थना पडली, "तू जे आज्ञापितोस ते दे, आणि मग हवं ते आज्ञाप." पेलेजियस भडकला, कारण याचा अर्थ माणसाने हात झटकून मोकळं व्हायचं असा त्याला लागला.

आता ही खूण लक्षात ठेवा, पेलेजियस कृपा नाकारत नव्हता. देवाने आपल्याला निर्माण केलं, निवडायची ताकद दिली, नियमशास्त्र दिलं, ख्रिस्ताचा कित्ता दिला, बाप्तिस्म्यात क्षमा दिली, हे सगळं देणगीच आहे असं तो म्हणायचा. भरभरून, आणि आधीच दिलेली. गटाला विचारा, मग भांडण कशावर? पाटीवरचे तीन प्रश्न बघत बघत ते स्वतःच उत्तरापर्यंत येतात. पेलेजियससाठी देणगी म्हणजे साधनं, वापरायची तुम्ही. ऑगस्टीन म्हणतो, वापरायची इच्छासुद्धा दिली नसेल तर काय कामाची? त्याचं लाडकं वचन १ करिंथकरांस ४:७, तुला मिळालं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? साधारण ३९६ च्या सुमाराला याकोब-एसाव या बायबलमधल्या जुळ्या भावांवर लिहिताना तो या मताला आला, आणि म्हातारपणी मागे वळून बघताना म्हणाला की मी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने खूप झटलो, पण देवाची कृपा जिंकली. म्हणजे पेलेजियसशी वाद सुरू व्हायच्या बरंच आधी त्याचं मत बनलेलं होतं, लोक हे उलटं सांगतात.

मग चांगल्या कामांचं बक्षीस? ऑगस्टीनचं उत्तर असं की देव जेव्हा आपल्या कमाईला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. यावर कोणीतरी म्हणणारच, मग आम्ही कठपुतळ्या का? फार चांगला प्रश्न, आणि मी खरं सांगते, ऑगस्टीनच्या शेवटच्या लिखाणात देवाने कोणाला निवडलं आणि कोणाला नाही या मुद्द्यावर तो इतका लांब गेलाय की मला तिथे त्याच्यासोबत जाववत नाही. गटात हे बोलायला हरकत नाही, त्याच्या काळातल्या भल्या माणसांनाही जाववलं नाही. घटना पटापट सांगा: ४१० ला रोम लुटलं गेलं, पेलेजियस आफ्रिकेतून पॅलेस्टाईनला गेला, ४१५ ला तिथल्या सभेने त्याला निर्दोष सोडलं, ४१८ ला कार्थेजच्या सभेने त्याची शिकवण दोषी ठरवली. ऑगस्टीन ४३० ला गेला, हिप्पो शहराला वँडल टोळ्यांचा वेढा पडलेला असताना.

वेळ उरला तर ऑगस्टीनच्याच काळातला, मार्सेयचा मठवासी जॉन कॅसियन जरूर घ्या. तो म्हणतो दोन्ही घडतं. जक्कय येशूला बघायला स्वतः झाडावर चढला, वधस्तंभावरच्या चोराने स्वतः हाक मारली, पण पौलाला आणि मत्तयाला देवाने वाटेत गाठून ओढून नेलं, मग एकच नियम कशाला लावता? गटातली बहुतेक माणसं मनातून कॅसियनचीच असतात असा माझा अनुभव, साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, निम्मी म्हणतात "मी देवाला शोधत होतो" आणि निम्मी म्हणतात "देवाने मला पकडलं". शेवटचा थांबा ५२९, फ्रान्समधल्या ऑरेंजची सभा, अध्यक्ष आर्लचा बिशप सिझेरियस. ठरलं असं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, पण देवाने कोणाला वाईटासाठी नेमून ठेवलंय हे म्हणणं निषिद्ध.

काही बारीकसारीक गोष्टी. साक्ष द्यायची असेल तर बैठकीच्या शेवटी, नाहीतर फ्लॅटचं लोन पास झालं आणि व्हिसा आला यातच तास जातो. लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचा विषय ऑगस्टीनच्या दिवशी निघतोच, कारण त्याचा तो एक मोठा पुरावा होता, बाळाने तर काहीच केलेलं नाही मग त्याला क्षमा कशाची. एवढं सांगा आणि बाळाला द्यावा का न द्यावा यात पडू नका, त्यावर चहा थंड होतो आणि माणसं पुढच्या वेळी येत नाहीत. आणि ऑरेंजला पोचलात की कोणीतरी लूथरचं नाव काढेल, तर त्याच्यासाठी वेगळ्या बैठका लावा, कारण मध्ये हजार वर्षं आहेत आणि ती अर्ध्या तासात बसत नाहीत.